धाब्याच्या घरातली वैशाखाची दुपार आणि कंदिलाची रात्र: प्रकाशयोजनेत अडकलेय

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. दोन अंकी नाटक बसतंय, संवाद बरेचसे अहिराणीत. स्थळ एकच: कापूसवाल्या शेतकऱ्याचं धाब्याचं घर, मधली खोली, मागच्या भिंतीत दार, दाराबाहेर अंगण. पहिला अंक वैशाखात दुपारी साडेबाराला सुरू होतो आणि दिवेलागणीला संपतो. दुसरा अंक रात्रीचा: वीज जाते, कंदील लागतो, पुढे चांदणं, शेवटी पहाट. संहितेत साण्यातून, म्हणजे धाब्याला ठेवलेल्या उजेडाच्या भोकातून, जात्यावर पडणारा कवडसा दोनदा येतो. तो दिसलाच पाहिजे असं दिग्दर्शकाने बजावलंय.

प्रयोग जळगावला, बंदिस्त नाट्यगृहात. मंच ३० फूट रुंद, २२ फूट खोल. मंचावर दोन बार (दिवे टांगायचे आडवे पाइप), प्रेक्षागृहात एक, सगळे साधारण १६ फुटांवर. सामान भाड्याचं: हजार वॅटचे पार ६४ (सरळ झोत टाकणारे) आठ, हजारचे फ्रेनेल (मऊ कडेचा उजेड देणारे) चार, पाचशेचे बेबी (छोटे स्पॉट) चार, हे तिन्ही हॅलोजनचे; एलईडी पार सहा, उजेड कमी-जास्त करणारा १२ चॅनलचा डिमर, दिव्यांना हुकूम पाठवणारा २४ फेडरचा डीएमएक्स बोर्ड आणि डीजेवाल्याकडचं धुराचं मशीन.

अडचणी अशा. दुपारसाठी ॲम्बर जिलेटीन (दिव्यासमोर लावायचा केशरी-पिवळा पारदर्शक कागद) लावलं तर संध्याकाळ वाटते, काढलं तर नुसता सभागृहातला उजेड वाटतो. कवडसा जमिनीवर दिसतो पण हवेत दिसत नाही, आणि धूर सोडला की अख्खं घर ढगात जातं. कंदिलाच्या प्रवेशात चेहरे काळे पडतात, समोरून जरा उजेड दिला की रात्र संपते. आणि एलईडी हळूहळू विझवायला गेलं की शेवटी झटके देत विझतात. पैसे मर्यादित आहेत, नवीन फार काही भाड्याने घेता येणार नाही.

---

विंगेतून

ताई, आधी ॲम्बर बाजूला ठेवा. आपल्याकडचं वैशाखातलं दुपारचं ऊन पिवळं नसतं, पांढरं असतं. केशरी छटा दिसली की प्रेक्षक घड्याळ पाच-साडेपाचवर नेऊन ठेवतो. उकाडा रंगाने येत नाही, फरकाने येतो. भर उन्हातून धाब्याच्या घरात शिरलं की क्षणभर काही दिसत नाही. बाहेर डोळे दिपतात, आत गार अंधार. तुम्हाला हा फरक मंचावर आणायचा आहे, बाकी सगळं त्यानंतर.

दारापासून सुरुवात करा. घराची भिंत मंचाच्या पुढच्या कडेपासून १४ फुटांवर घ्या, म्हणजे मागे ८ फूट उरतात. दाराच्या मागे ४ फुटांवर साडेसात फूट उंच, ८-९ फूट रुंद मांजरपाट ताणून बांधा. फ्लेक्सची उलटी बाजू वापरू नका, ती चमकते आणि दिवा कुठे आहे ते सांगून टाकते. मांजरपाटावर दोन्ही बाजूंनी पाचशेचा एकेक हॅलोजन, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो तो, कापडापासून किमान ३ फूट लांब. दोघांवर ली २०२, म्हणजे ली कंपनीचं फिकट निळं जिलेटीन (पुढचे आकडेही त्याच कंपनीचे). दाराची चौकट ६ फुटी असेल तर पहिल्या रांगेतूनही कापडाची वरची कड दिसत नाही.

आता आतला उजेड. प्रेक्षागृहातल्या बारवरचे दोन फ्रेनेल ४० टक्क्यांवर, त्यांना ली २०३, त्याहून फिकं निळं. जिलेटीन इथे विसरू नका, कारण हॅलोजन मंद केला की फिलामेंट तांबूस होतो आणि तुमची दुपार परत संध्याकाळ होते. उलट बाहेरचा उजेड कायम ९० ते १०० वर. बाहेरचा जास्त वाटला तर डिमर खाली आणू नका, दिवा लांब न्या किंवा एक दिवा काढा. 

आणखी एक गोष्ट ठरवून टाका: दार कोणत्या दिशेला आहे? माझं मत पश्चिमेला. जळगाव साधारण २१ अक्षांशावर आहे, त्यामुळे मेमध्ये साडेबाराच्या सुमारास सूर्य जवळपास डोक्यावर असतो. तेव्हा दारातून थेट ऊन आत येत नाही, अंगणाच्या जमिनीवरून उसळलेला उजेड तेवढा येतो. म्हणून पहिल्या प्रवेशात जमिनीवर उन्हाचा पट्टा नको, नुसतं पेटलेलं दार. साडेतीनच्या प्रवेशात पट्टा, पाचला लांब पट्टा. यासाठी दोन पार मागच्या भिंतीजवळ, दारापासून ८ फूट मागे, एक १२ फूट उंचीवर आणि दुसरा १० फुटांवर. १२ फुटांवरचा आत ८ फुटांपर्यंत पट्टा पाडेल, १० फुटांवरचा १२ फुटांपर्यंत. दोन्ही जरा बाजूला सरकवून तिरके मारा. १० फुटांच्या खाली उतरलात तर पुढच्या रांगांच्या डोळ्यात जाईल. किरण कापडाच्या वरून येतो, त्यामुळे मांजरपाट मध्ये येत नाही.

पहिल्या पारवर काही नको किंवा २०३, दुसऱ्यावर ली १५२, फिकट सोनेरी. गडद ॲम्बर, १३४ वगैरे, फक्त शेवटच्या दहा मिनिटांत आणि तेही एकाच बाजूने.

---

डिमरपाशी

वरचं सगळं बरोबर. मी विजेचं आणि एलईडीचं सांगतो.

एलईडी झटके देतो कारण बोर्ड एका चॅनलवर ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या पाठवतो. वरच्या टोकाला एका पायरीचा फरक डोळ्याला कळत नाही. खालच्या टोकाला ३ वरून २ वर येणं म्हणजे तिसरा हिस्सा उजेड एकदम जाणं. आधी दिव्याच्या मेनूत 'डिमर कर्व्ह' किंवा 'डिमर स्पीड' आहे का बघा. असेल तर स्लो किंवा हॅलोजनसारखा ठेवा. नसेल तर एलईडीच्या तोंडावर राखाडी ली २१० लावा. ते फक्त पाव भाग उजेड सोडतं, मग १० टक्क्यांवर करायचं काम ४० टक्क्यांवर होतं आणि विझताना पायऱ्या दिसत नाहीत. एलईडीचं तोंड गरम होत नाही, जिलेटीन जळणार नाही. तरीही लांब फेडमध्ये एलईडीला शेवटचा ठेवू नका. हॅलोजन मागे राहू द्या, त्याच्या आड एलईडी विझला की कळत नाही.

एलईडीला डिमरच्या आउटपुटमधून वीज कधीच देऊ नका, बोर्डावर तो चॅनल फुल ठेवला तरी. कापलेली लहर मिळाली की त्याची पॉवर सप्लाय लुकलुकते आणि लवकर जळते. थेट विजेच्या मेन बोर्डातून वेगळी लाइन घ्या.

मोड एकदा तपासा. सात चॅनलच्या पारमध्ये कुणाचा पहिला चॅनल डिमर असतो, कुणाचा लाल. सहाच्या सहा दिवे एकाच कंपनीचे आणि एकाच मोडमध्ये आहेत याची खात्री तालमीआधी करा. अधूनमधून आपोआप फ्लॅश होत असेल तर दहापैकी नऊ वेळा स्ट्रोबच्या (भराभर लुकलुकण्याच्या) चॅनलवर उरलेली किंमत असते किंवा दिवा साउंड मोडवर राहिलेला असतो. डीएमएक्सच्या साखळीतल्या शेवटच्या दिव्यात १२० ओमचा टर्मिनेटर (रेझिस्टरचा प्लग), पिन २ आणि ३ मध्ये. साउंडवाल्याची माइकची केबल डीएमएक्सला लावली तर १०-१२ फुटांत चालून जाते, १०० फुटांत दगा देते, आणि नेमकी प्रयोगाच्या दिवशी.

विजेचा हिशेब: तुमचे हॅलोजन मिळून १४ किलोवॅट, बाहेरचे पाचशेचे धरले तर १५. सगळे एकदम फुल झाले तर २३० व्होल्टला ६५ अँपिअर. एका फेजवर टाकू नका, तीन फेजवर वाटा, आणि साउंडला दिव्यांपासून वेगळी लाइन द्या, नाहीतर स्पीकरमधून डिमरची घरघर ऐकू येईल. डिमरचा एक चॅनल सहसा १० अँपिअरचा असतो, म्हणजे हजारचे दोनच दिवे. तिसरा लावून 'एवढ्याने काही होत नाही' म्हणणारा हमखास भेटतो, त्याचं ऐकू नका.

व्होल्टेज मोजून घ्या, संध्याकाळी सातला, दुपारी नाही. २३० ऐवजी २०० मिळत असेल तर हॅलोजनचा उजेड साठ-बासष्ट टक्क्यांवर येतो आणि रंगही पिवळा होतो. दुपारी चारला लावलेली लेव्हल रात्री नऊला वेगळी दिसते, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

---

आबा चाळीसगावकर

धुराचा नाद सोडा, असं माझं स्पष्ट मत. डीजेचं मशीन म्हणजे तीन सेकंदांत ढग आणि दीड मिनिटात काहीच नाही. मध्येच हीटर गार होतो, मग क्यूवर बटण दाबलं तरी नुसती फुस्स. वर पुढच्या रांगेत कुणीतरी खोकतो आणि अहिराणी संवाद त्यातच जातात. कवडसा जमिनीवर नीट पडला आणि नटाने त्यात हात घातला की पुरे. हवेत दांडा दिसायला हवा हा सिनेमावाला हट्ट आहे.

---

विंगेतून

आबा, हात घालण्याचं शंभर टक्के मान्य. पण धूर दिसण्याचा प्रश्न मशीनपेक्षा दिव्याच्या जागेचा जास्त असतो. हवेतले कण उजेड पुढच्या दिशेला जास्त फेकतात. म्हणून समोरून मारलेला किरण दिसत नाही आणि मागून, प्रेक्षकांकडे येणारा किरण थोड्या धुरातही दिसतो. ताईंचा कवडसा बहुधा प्रेक्षागृहाच्या बारवरून किंवा पुढच्या बारवरून येतोय. तो मागच्या बारवर न्या.

पार ६४ यासाठी मोठा पडतो. अगदी अरुंद बल्ब असला तरी १५ फुटांवर अडीच-तीन फुटांचा डाग देतो, साण्याचा कवडसा एवढा मोठा नसतो. आरशांच्या गोळ्यावर मारायला डीजेकडे छोटा पिनस्पॉट असतो, पार ३६चा, ६ व्होल्ट ३० वॅटचा. त्याचा किरण पाचेक अंशांचा, १५ फुटांवर सव्वा फुटाचा डाग. असे दोन आणा. पुढे ८-१० इंच लांब काळी पत्र्याची नळी लावा, कडेला सांडणारा उजेड थांबतो. पिनस्पॉटमध्ये ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे डिमरवर नीट मंद होतोच असं नाही. तालमीत लावून बघा, गुरगुरला किंवा लुकलुकला तर थेट लाइनवर स्विचने चालवा. कवडसा ढग आल्यासारखा हळूहळू जाणार नसेल तर स्विचही चालतो.

पहिला पिनस्पॉट साडेबाराचा: जात्याच्या जवळपास वरून, दहाएक अंश मागून पुढे झुकलेला. दुसरा साडेतीनचा: तेव्हा सूर्य साधारण ४८ अंशांवर उतरलेला असतो, म्हणून मागच्या बारवरून ४५ अंशांत. दार पश्चिमेला असेल तर सूर्य मागे जातो आणि कवडसा पुढे सरकतो, म्हणजे जात्यावरून उठून अलीकडच्या खांबाच्या बुंध्याशी येतो. मधल्या प्रवेशात कुणी 'तीन वाजले' म्हणायची गरज उरत नाही. आणि दोन्ही किरण प्रेक्षकांकडे येतात, म्हणून दिसतात.

आता धूर. मशीन सेटच्या मागे, खाली, भिंतीकडे तोंड करून. त्याच्यापुढे टेबलफॅन मंद वेगावर, म्हणजे ढग फुटून पसरतो. पडदा उघडण्याआधी २० मिनिटे, दोन-तीन सेकंदांचे फवारे, मध्ये चार-पाच मिनिटांचं अंतर. मंचावरचे पंखे आणि एक्झॉस्ट बंद. प्रेक्षकांना धूर दिसता कामा नये, फक्त किरण दिसला पाहिजे. मशीनचं पाणी कंपनीचंच वापरा, नळाचं पाणी मिसळून वाढवू नका. आपल्याकडच्या पाण्यातले क्षार हीटरची बारीक नळी बंद करतात. मशीन दीड किलोवॅटचं असेल तर साडेसहा अँपिअर वेगळ्या लाइनवर. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाला आधी सांगा, धुराचा अलार्म असेल तर विचारून घ्या. लोबान किंवा धूप जाळून हे करू नका, आणि सुपातून पीठ उडवूनही नाही: पिठाची धूळ पेट घेते, खालची फरशीही घसरडी होते.

कवडशाभोवती समोरचा उजेड ३० टक्क्यांच्या वर गेला की तो मेला. दिग्दर्शकाला हे लेखी द्या.

---

चिमणीवाला (धरणगाव)

कंदिलाबद्दल. दोन वेगळी कामं आहेत: कंदील जळताना दिसणं आणि कंदिलाने चेहरा उजळणं. दोन्ही एकाच दिव्याकडून होत नाहीत, चेहरे काळे पडतात ते यामुळेच.

कंदील: रॉकेल काढून टाका, टाकी धुऊन चार दिवस उन्हात ठेवा. आत १२ व्होल्टची वॉर्म व्हाइट एलईडी पट्टी, दर ५ सेंटिमीटरला कापता येते ती. २० सेंटिमीटरचा तुकडा पेन्सिलएवढ्या नळीला पिळून गुंडाळा. वरून बटर पेपरचे दोन वेढे आणि त्यावर फिकट केशरी ली २०५. नुसती पट्टी ठेवली तर काचेतून ठिपके मोजता येतात. काचेला आतून वरच्या भागात मेणबत्तीची काजळी धरा. ती खरी वाटते आणि तिसऱ्या रांगेच्या डोळ्यावर जाणारी चमकही मारते. एवढ्या पट्टीला शंभर मिलिअँपिअरही लागत नाहीत, टाकीच्या जागी पेन्सिल सेलचा आठाचा खोका बसतो. तेवढी जागा नसेल तर १८६५० मापाचे तीन रिचार्जेबल सेल एकापुढे एक.

पॉवर बँक वापरू नका. करंट फार कमी आहे असं वाटलं की ती अर्ध्या-एक मिनिटात आपोआप बंद होते. कंदील मध्येच विझल्याच्या बहुतेक तक्रारी इथून येतात.

वात वर-खाली करायच्या चावीला छोटा पोटेन्शिओमीटर असलेला १२ व्होल्टचा डिमर जोडता येतो. नटाने वात मोठी केली आणि उजेड खरंच वाढला, तर सातव्या रांगेपर्यंत पोचतं.

चेहरा: तुमच्या चार बेबींपैकी तीन यासाठी अडकवा. विंगेतून, स्टँडवर, ४ ते ५ फूट उंचीवर, म्हणजे कंदिलाच्या रेषेत. समोरून नाही. खोलीचे तीन भाग करा: दारापाशी, जात्यापाशी, खाटेपाशी. एकेका भागाला एक बेबी, ३५ ते ४५ टक्के. जिलेटीन नको, इतक्या मंद हॅलोजनचा स्वतःचाच रंग कंदिलाचा असतो. बार्नडोअरने (दिव्याच्या तोंडावरच्या पत्र्याच्या झडपांनी) वरचा भाग कापा, भिंतीवर डोक्याच्या वर उजेड चढता कामा नये. नट कंदील घेऊन हलला की एक बेबी दुसऱ्यात मिसळायचा, दोन-अडीच सेकंदांत. ऑपरेटरने नटाच्या चेहऱ्याकडे बघायचं नाही, कंदील धरलेल्या हाताकडे बघायचं. आणि कंदील आधी, बेबी अर्धा सेकंद मागून. उलट झालं की प्रेक्षक हसतात.

थरथर द्यायचीच असेल तर ३८ आणि ४५ टक्क्यांच्या मध्ये, हाताने, अनियमित. बोर्डाचा चेस (दिवे आपोआप आळीपाळीने पेटवणारा प्रोग्राम) लावला की दिवाळीची माळ होते.

---

डिमरपाशी

वीज जाण्याच्या क्षणाबद्दल एक भर. हॅलोजन शून्य सेकंदात कापला तरी फिलामेंटची शेपटी अर्धा सेकंद रेंगाळते, त्यामुळे लोडशेडिंग खोटं वाटतं. म्हणून वीज जाण्याआधीचा खोलीतला उजेड एलईडीवर ठेवा, थंड पांढरा, ट्यूबलाईटसारखा, वरून. एलईडी कापला की कापलाच. नुसत्या लाल-हिरव्या-निळ्यातून बनवलेला पांढरा सावळ्या त्वचेवर राखेसारखा दिसतो, त्यामुळे पारमध्ये पांढरा चॅनल असेल तर तोच वापरा. पंख्याचा आवाज त्याच क्षणी मंदावत थांबायला हवा, साउंडशी क्यू जुळवून घ्या.

कापल्यावर चार सेकंद काही लावू नका. प्रेक्षकांचे डोळे अंधाराला सरावले की कंदील ३० टक्क्यांवरही भरपूर वाटतो. लगेच लावला तर ६० लागतात, आणि मग रात्र राहत नाही.

---

बोरीकाठ

फार उपयोगी. पिनस्पॉट मिळतायत, डीजेवाल्याकडे चार आहेत. कापड उद्या आणते. दार पश्चिमेला ठरवलं.

चांदण्याचं विचारायचं राहिलं. सध्या दोन पारवर गडद निळं ली ११९ लावून दोन्ही बाजूंनी मारतोय. निळं दिसतं पण माणसं दिसत नाहीत, आणि जिलेटीन दुसऱ्या तालमीत मध्यभागी पांढरं पडलं. दुसरं म्हणजे जळगावनंतर गावात यात्रेच्या मोकळ्या मंचावरही एक प्रयोग ठरतोय. तिथे यातलं काय चालेल?

आणि हो, नाटक आखाजीच्या दिवशी घडतं. झोक्यावरची गाणी आहेत पहिल्या अंकात.

---

आबा चाळीसगावकर

आखाजी! मग चांदणं कुठून आणताय ताई? अक्षय तृतीया म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया. चंद्राची कोर असते आणि रात्री साडेनऊ-दहाच्या आत पश्चिमेला मावळते. तुमच्या दुसऱ्या अंकात मध्यरात्री चांदणं पडणार नाही. खान्देशातला प्रेक्षक आहे, आखाजीला रात्र कशी असते ते त्याला सांगावं लागत नाही. एक तर ओळ बदला, नाहीतर चांदणं काढा.

---

विंगेतून

आबांनी नेमकं पकडलं. यात फायदाही आहे. दार पश्चिमेला आहे, म्हणजे कंदील लागल्यानंतर थोडा वेळ कोर दारातून दिसू शकते आणि मग मावळते. नऊच्या प्रवेशात दारातून अगदी थोडा थंड उजेड, तो प्रवेश चालू असतानाच तीन मिनिटांत शून्यावर. पुढे नुसता ताऱ्यांचा अंधार: कुठूनच सावली नाही, वरून पसरलेला, ८-१० टक्के. मांजरपाट जवळजवळ काळा, फक्त दाराची चौकट कळेल इतका.

ली ११९ बद्दल: ते उजेडापैकी जेमतेम तीनेक टक्के सोडतं, बाकी सगळं स्वतःत शोषून गरम होतं, म्हणून मध्यभागी फिकं पडतं. पारच्या समोर गडद निळं असंच जळणार. सावळ्या चेहऱ्यावर गडद निळा म्हणजे चेहरा पुसणं. रात्रीसाठी माणसं दाखवायला कमी गडद निळं, ली ११७ किंवा २०१, एकाच दिशेने, मागून कोपऱ्यातून, २० टक्क्यांच्या आसपास. २०१ सुद्धा फक्त एक तृतीयांश उजेड सोडतं, पण चेहरा चेहऱ्यासारखा राहतो. गडद निळा हवाच असेल तर एलईडीवर घ्या, वरून, मजल्यापुरता. दोन्ही बाजूंनी चंद्र मारू नका, आकाशात दोन नाहीत.

पहाट: दार पश्चिमेला आहे हे इथेही लक्षात ठेवा. ऊन दारातून आत येणार नाही, ते घराच्या पाठीवर पडेल, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूने. म्हणून मांजरपाट आधी राखाडी-निळा, ५ वरून ३० टक्के, चार मिनिटांत. मग प्रेक्षागृहातल्या बारवरचा एकच फ्रेनेल, ली १५२, १५ ते ४० टक्के, आणखी दोन मिनिटांत. कंदील जळताच ठेवा. त्याचा उजेड चेहऱ्यावरून कधी गेला ते कळू नये. बेबी आधी उतरवून टाका, कंदिलाची पट्टी तेवढी राहू द्या.

---

डिमरपाशी

मोकळ्या मंचाचं. धूर विसरा, वाऱ्यावर काही टिकत नाही. धूर नसला की पिनस्पॉटचा दांडा जातो, डाग राहतो. तेवढ्यावर काम करा, जातं जरा उजळ रंगाचं ठेवा. मांजरपाट शिडासारखा फुगतो, खाली बांबू शिवून वाळूच्या पिशव्या टाका आणि मध्ये दोन-तीन ठिकाणी छेद ठेवा. आजूबाजूचे ट्यूब आणि पाळण्यांचे दिवे अर्धा अंधार खातात, म्हणून सगळ्या लेव्हल दीडपट धरा आणि कंदिलाचा प्रवेश पुढे, मंचाच्या कडेला आणा. प्रयोग रात्री आठच्या आधी सुरू करू नका. मेमध्ये आपल्याकडे साडेसातपर्यंत आकाशात उजेड असतो, दुपारचा अंक तिथे कुणाला पटणार नाही.

जनरेटर असेल तर १५ किलोवॅटच्या दिव्यांना २५ केव्हीएच्या खालचा घेऊ नका. डिमरच्या कापलेल्या लहरीमुळे छोट्या जनरेटरचं व्होल्टेज नाचतं, आणि त्याच्यासोबत सगळे हॅलोजन श्वास घेतल्यासारखे वर-खाली होतात. न्यूट्रलची केबल फेजएवढ्याच जाडीची, बारीक नको. डिमरच्या लोडमध्ये न्यूट्रलवर करंट कमी होत नाही, वाढतो. अर्थिंगला खड्डा खणून सळई, पाणी टाकून. बारवरच्या प्रत्येक दिव्याला हुकाच्या जोडीला वेगळी साखळी. आणि प्रत्येक क्यूआधी फिलामेंट ५ टक्क्यांवर गरम ठेवा, थंड बल्बवर एकदम फुल मारला की यात्रेत बदली बल्ब मिळत नाही.

---

चिमणीवाला (धरणगाव)

मोकळ्या मंचासाठी कंदिलाची पट्टी २० ऐवजी ३५ सेंटिमीटर करा आणि सेल नवेच घाला, निम्मे वापरलेले चालत नाहीत. आठपैकी एक जुना असला तरी पट्टी अर्ध्या उजेडावर येते.